वेसाव्याचा किनारा आणि चुडामणीचे पात्र

वरूडच्या संत्राबागांपासून समुद्र फार दूर आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तो प्रथम पाहिला असेल तो नोकरीच्या शोधात अगर एखाद्या आप्ताच्या आजारपणासाठी मुंबईस जावे लागले तेव्हाच. असे असता अंधेरीच्या पश्चिमेस, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या वेसावे नामक कोळीवाड्यातील कचऱ्याची हकीकत या पत्राने पहिल्या पानावर का मांडावी, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देणारच आहोत. परंतु त्याआधी ही हकीकत नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती वृत्तपत्रांतून व चित्रफितींतून पुष्कळदा सांगितली गेली असली तरी तिचा अर्धाच भाग लोकांच्या स्मरणात राहिला आहे.

लोकांच्या स्मरणात राहिलेला भाग असा. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शहा नावाचे एक तरुण वकील वेसाव्याच्या किनाऱ्यानजीक राहावयास आले. खिडकीतून समुद्र दिसेल या आशेने आलेल्या या गृहस्थांस दिसला तो प्लास्टिकचा थर. कोठे गुडघ्याइतका, कोठे त्याहूनही अधिक. त्यांनी कोणाकडे अर्ज केला नाही. आपल्या ८४ वर्षांच्या एका शेजाऱ्यास बरोबर घेऊन ते वाळूवर उतरले आणि हातांनी कचरा उचलू लागले. दोघांचे दहा झाले, दहांचे शंभर झाले. कोळीवाड्यातील स्त्रीपुरुष आले, झोपडपट्टीतील रहिवासी आले, शाळा-महाविद्यालयांतील मुले आली आणि कालांतराने चित्रपटसृष्टीतील तारेतारकाही आल्या. सुमारे अडीच किलोमीटरच्या त्या किनाऱ्यावरून पहिल्या ८५ आठवड्यांत ५० लाख किलोंहून अधिक कचरा निघाला. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शहा यांस पृथ्वीचा कैवार घेणाऱ्यांसाठी असलेला आपला सर्वोच्च सन्मान दिला. मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची निदान ८० पिल्ले त्याच वाळूवरून समुद्राकडे जाताना पाहण्यात आली. सुमारे वीस वर्षांनी असे दृश्य तेथे दिसले, असे त्या वेळी सांगण्यात आले. एवढ्या यशानंतर कथा संपावी आणि टाळ्या व्हाव्यात, अशी आपली स्वाभाविक इच्छा असते.

परंतु या दोन घटनांच्या मध्ये नोव्हेंबर २०१७ हा महिना येतो, आणि आमच्या मते या हकीकतीचे सारे मर्म त्या महिन्यात आहे. सलग १०९ आठवडे काम केल्यावर शहा यांनी मोहीम थांबवीत असल्याचे जाहीर केले. कारणे दोन होती. कचरा उचलणाऱ्या स्वयंसेवकांस गुंडांकडून शिवीगाळ व दमदाटी होऊ लागली होती. आणि स्वयंसेवकांनी गोळा करून ठेवलेले ढीग महापालिकेकडून उचलले जात नव्हते. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी लक्ष घातले, संरक्षणाचे व साह्याचे आश्वासन दिले आणि थोड्याच दिवसांत काम पुन्हा सुरू झाले. तथापि जगभर गाजलेल्या, पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून गौरविलेल्या कार्यास जर एका गाडीवाचून थांबावे लागते, तर ज्यांचे नाव कोठे छापून येत नाही अशा गावोगावच्या श्रमदानाची काय कथा?

कचरा उचलणे हे एक काम आहे असे आपण बोलतो; वस्तुतः ती दोन कामे आहेत. वाळूत रुतलेली पिशवी उपसून ढिगापर्यंत नेणे हे पहिले. त्यास उत्साह, हातमोजे आणि रविवारची सकाळ एवढे पुरते. ढीग गाडीत भरून, शहराबाहेर नेऊन, त्याची कायमची वासलात लावणे हे दुसरे. त्यास गाडी लागते, चालक लागतो, इंधन लागते, जागा लागते आणि या सर्वांचा दर आठवड्याचा खर्च लिहावयास अंदाजपत्रकात एक ओळ लागते. पहिले काम नागरिक करू शकतात. दुसरे त्यांच्या आवाक्यातले नाही, आणि ते त्यांचे कर्तव्यही नाही. मुंबई महापालिकेचा १८८८ सालचा अधिनियम काढून पाहावा. त्याच्या ६१ व्या कलमात पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे. त्यात मोऱ्या बांधणे व राखणे आणि केरकचरा काढून त्याची विल्हेवाट लावणे ही कामे आरंभापासून आहेत. पालिकेने करावे की न करावे अशा ऐच्छिक सदरात ती घातलेली नाहीत. वेसाव्याच्या दोन नागरिकांनी वाळूवर उतरण्यापूर्वी सव्वाशे वर्षे हा कायदा लिहिलेला होता.

आता कोळ्यांविषयी. शहरातील सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यात कोळीवाडा आणि घाण हे शब्द जोडीने येतात. मासळीचा वास आणि घाण यांतील फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु घाण कोणाची, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. वेसावे हे मुंबईतील जुन्या कोळीवाड्यांपैकी एक. खाडीपलीकडे मढच्या टोकास जो किल्ला आहे तो वसईच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांपासून घेतला. म्हणजे मुंबई शहर साष्टीत शिरण्याच्या फार पूर्वीपासून या खाडीच्या तोंडाशी नांदती वस्ती होती. १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांत साष्टीतील गावे बृहन्मुंबईत आली. शहराने या गावांस करदात्यांच्या वहीत घेतले, मतदारांच्या यादीत घेतले आणि आपल्या नाल्यांची तोंडे त्यांच्या खाड्यांत सोडली. मालाड, गोरेगाव, अंधेरी या उपनगरांतील लाखो घरांचे सांडपाणी आणि त्याबरोबर वाहणाऱ्या पिशव्या, बाटल्या, वेष्टने हे सर्व ओहोटीबरोबर मालाडच्या खाडीतून बाहेर पडते आणि भरतीबरोबर वेसाव्याच्या वाळूवर येऊन बसते. दहाव्या मजल्यावर राहणाऱ्या ज्या गृहस्थाने आपली पिशवी नाल्यात पडू दिली त्याने वेसावे पाहिलेलेही नसते.

यात कोळ्यांची हानी कोणत्या प्रकारची होते हे ध्यानात घ्यावयास हवे, कारण ती केवळ डोळ्यांची नाही. वेसावेकर डोल जाळ्याच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध आहेत. नरसाळ्याच्या आकाराचे हे लांबलचक जाळे पाण्यात घट्ट बांधून त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवतात. भरती-ओहोटीच्या ओढीने जे काही वाहत येईल ते आत शिरते. बोंबील येतो, जवळा येतो, कोळंबी येते. पूर्वी एवढेच येत असे. आता प्लास्टिकही येते आणि मासळीआधी ते निवडावे लागते. जाळे फाटते, वेळ जातो, होडीचे इंधन फुकट जाते. तीच गोष्ट सुकविण्याची. बोंबील बांबूंच्या उभ्या चौकटींवर दोऱ्या बांधून उन्हात टाकतात, जवळा जमिनीवर पसरतात. त्यासाठी मोकळी, निर्मळ जागा लागते, आणि हे काम बहुतांशी स्त्रियांचे आहे. पावसाळी बंदीचे दोन महिने घरात काय शिजेल हे त्या सुक्या मासळीवर अवलंबून असते. किनारा स्वच्छ झाल्याने शहरवासीयास फिरावयास जागा मिळाली हे खरे. पण कोळिणीस तिचे अंगण परत मिळाले, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते.

कोळीबांधव सर्वथा निर्दोष आहेत असेही आम्ही म्हणणार नाही. जाळ्यात आलेले प्लास्टिक पुष्कळदा पुन्हा पाण्यातच टाकले जाते. तुटकी जाळी, थर्माकोलचे तुकडे, इंधनाचे डबे किनाऱ्यावर पडून राहतात. परंतु समुद्रातून निघालेले प्लास्टिक किनाऱ्यावर आणले तर ते घेणार कोण, याची सोय नसेल तेथे केवळ उपदेशाने काय साधणार? केरळात कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरात २०१७ पासून अशी सोय करण्यात आली. मच्छीमारांस पिशव्या दिल्या गेल्या, जाळ्यांत सापडलेले प्लास्टिक त्यांनी बंदरावर आणावयाचे. तेथे स्त्रिया ते निवडून धुणार, यंत्रात त्याचा चुरा होणार आणि तो रस्त्याच्या डांबरात मिसळला जाणार. या योजनेत नवलाचे असे काही नाही. मच्छीमाराने आणले तर पुढे ते घ्यावयास कोणी तरी उभे आहे, एवढाच तिचा विशेष. मुंबईत खाड्यांत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यासाठी वेसावे व मालाड यांसह सात मलशुद्धी केंद्रांची पायाभरणी झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. म्हणजे त्या दोन शेजाऱ्यांनी पहिली पिशवी उचलल्यानंतर सात वर्षांनी.

या ठिकाणी श्रमदानाविषयीही स्पष्ट बोलावयास हवे. आम्ही वृत्तपत्रात येण्यापूर्वी काही वर्षे शाळामास्तरकी केली आहे आणि गांधीजयंतीच्या सकाळी होणारे स्वच्छतेचे कार्यक्रम जवळून पाहिले आहेत. आदल्या दिवशी शिपायाने झाडून काढलेल्या पटांगणावर पाहुण्यांसाठी थोडा पाचोळा पुन्हा पसरावा लागतो, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना ही गोष्ट विनोदाची वाटेल. नवे झाडू, टोप्या, छायाचित्रकार, चहा. दुसऱ्या दिवशी ते झाडू कोठे असतात? वेसाव्याच्या मंडळींचा मोठेपणा त्यांनी किती कचरा काढला यापेक्षा ते पुढच्या रविवारी पुन्हा आले यात आहे, आणि सार्वजनिक शौचालये घासण्याचे कामही त्यांनी हलके मानले नाही यात आहे. ज्या कामाचे छायाचित्र चांगले येत नाही तेही त्यांनी केले. परंतु याच चिकाटीचा एक धोका आहे. नागरिक करीत आहेत असे दिसले की कार्यालयास सवड मिळते. सत्कार करणे हे गाडी पाठविण्याहून स्वस्त पडते.

आमच्या जिल्ह्यातील वाचकांस या संदर्भात गाडगेबाबांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. शेंडगावी १८७६ साली जन्मलेला हा परिटाचा मुलगा हातात खराटा घेऊन महाराष्ट्रभर हिंडला. गावात शिरताच गाव झाडावयास लागावे, लोकांनी शरमून पाठोपाठ यावे आणि रात्री त्याच लोकांपुढे कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला तोही अमरावतीनजीक वलगावच्या वाटेवर. त्यांच्या नावाने आज विद्यापीठ आहे आणि त्यांच्याच नावाने शासनाने २००० सालापासून ग्रामस्वच्छतेची स्पर्धा चालविली. बाबांविषयी आमचा आदर कोणाहून कमी नाही. म्हणूनच एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाबांच्या खराट्याने निघणारा केर म्हणजे शेण, काडीकचरा, राख, पालापाचोळा. तो उकिरड्यात जाई, कुजे आणि मृगापूर्वी शेतात खत म्हणून पडे. खराटा आणि उकिरडा मिळून काम पुरे होत असे. प्लास्टिकची पिशवी उकिरड्यात घातली तर दहा वर्षांनीही ती पिशवीच राहते. आजचा खराटा तिला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतो, इतकेच. मुंबईचा कचरा देवनार येथे १९२७ पासून टाकला जात आला. वेसाव्याची मोहीम सुरू झाल्यावर तीनच महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, त्या डोंगरास आग लागली आणि भोवतालच्या गरीब वस्त्यांत दिवसेंदिवस धूर कोंडून राहिला. एका वस्तीच्या दारातून निघालेले दुसऱ्या वस्तीच्या उशाशी जाऊन पडत असेल, तर त्याला स्वच्छता हे नाव देताना जीभ अडखळली पाहिजे.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येऊ. वरूडला समुद्र नाही, परंतु वरूडमधून चुडामणी वाहते. चुडामणीचे पाणी वर्धेस मिळते. मुलताईच्या डोंगरातून निघालेल्या वर्धेचे पाणी मोर्शीजवळ सिंभोरा येथे अप्पर वर्धा धरणात अडते. त्या जलाशयास नल-दमयंती सागर असे सुंदर नाव दिलेले आहे. अमरावती शहर ते पाणी पिते. त्याच पाण्यात जाळी टाकून आमच्या भागातील भोई व ढीवर बांधव पोट भरतात. धरणातून सुटलेले पाणी पुढे वैनगंगेशी मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. तेव्हा वरूडलाही समुद्र आहे. तो पूर्वेस आहे आणि आपणांस दिसत नाही, एवढेच. मालाड-गोरेगावच्या गृहस्थाचे वेसाव्याशी जे नाते, तेच आठवडी बाजारानंतर नाल्यात ढकलल्या जाणाऱ्या पिशवीचे सिंभोऱ्याच्या भोयाशी आहे. चुडामणीच्या पुलावर उभे राहून ज्याने उन्हाळ्यात खाली पाहिले आहे त्याला आम्ही याहून अधिक सांगावयास नको.

वरूडच्या लोकांना श्रमदान शिकवावे लागेल असे नाही. २०१६ साली पाणी फाउंडेशनने पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली तेव्हा सबंध महाराष्ट्रातून तीन तालुके निवडले होते: साताऱ्यातील कोरेगाव, बीडमधील अंबाजोगाई आणि आमचा वरूड. भर एप्रिल-मेच्या उन्हात या तालुक्यातील माणसांनी कुदळी चालविल्या, हे आपण साऱ्यांनी पाहिले आहे. मात्र त्या श्रमात आणि या श्रमात एक फरक आहे. खणलेला चर जागेवर राहतो; पाऊस पडला की तो आपले काम करतो आणि खणणाऱ्यास पाणी दिसते. नदीकाठ झाडला तर आठ दिवसांनी तो पुन्हा भरतो आणि झाडणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही. ४५ दिवसांच्या जोमावर पाण्याचे काम होऊ शकते. नदी निर्मळ ठेवण्यास वर्षाचे ५२ आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस केवळ उत्साहावर काढता येत नाहीत. वेसाव्याच्या १०९ आठवड्यांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो ते यासाठी.

म्हणून चुडामणीसाठी मोहीम काढावी अशी सूचना जे उत्साही तरुण करतात त्यांना आम्ही सांगू की, पहिला रविवार ठरविण्यापूर्वी नगर परिषदेकडे जाऊन गाडीचा वार ठरवून घ्यावा, आणि तो तोंडी न घेता लेखी घ्यावा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याचे कर्तव्य नागरिकावर आणि तो वेगळाच उचलून नेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थेवर टाकले. आम्ही घरी दोन डबे ठेवतो. पण गाडीत दोन्ही एकत्र पडत असतील तर गृहिणीने तिसऱ्या आठवड्यानंतर ते का ठेवावेत? राज्य शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. त्या बंदीचे काय झाले हे पाहण्यासाठी कोणास चौकशी समिती नेमावयास नको, भाजीबाजारात एक फेरी मारावी. दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक मागते, गिऱ्हाईक म्हणते दुकानदार देतो. दोघेही खरे बोलतात आणि दोघेही पिशवी सोडीत नाहीत.

नदीत उतरून कचरा काढण्यापेक्षा तो नदीत येऊ न देणे सोपे. गावातील नाले ज्या ठिकाणी चुडामणीस मिळतात ती ठिकाणे मोजकी आहेत. तेथे मृगाचा पाऊस येण्यापूर्वी लोखंडी जाळ्या बसवाव्यात. कोठे बसवावयाच्या हे ठरविताना अभियंत्याबरोबर नदीकाठी जाळे टाकणाऱ्या दोन माणसांना न्यावे. कोणत्या नाल्यातून काय येते हे त्यांना अधिक ठाऊक असते, आणि आजवर त्यांना कोणी विचारलेले नसते. शाळांविषयी आमची सूचना अशी की मुलांच्या हाती एका दिवसापुरता झाडू देण्याऐवजी वर्षभराची वही द्यावी. दर शनिवारी पाचसहा मुलांनी शिक्षकासह जाळीपाशी जावे, काय अडकले आहे ते पाहावे, कशाच्या पिशव्या अधिक, कशाची वेष्टने अधिक, हे लिहावे. हात लावण्याचे कारण नाही. वर्षाअखेर ती वही नगराध्यक्षांच्या मेजावर ठेवावी. गणित, शास्त्र आणि नागरिकशास्त्र या तीनही विषयांचा याहून चांगला पाठ आम्हांस तरी सुचत नाही.

जाळी बसविण्यास एक दिवस लागेल, आणि तिचे उद्घाटन करावयास माणसे मिळतील. ती दर आठवड्यास मोकळी करणारा माणूस नेमावा लागेल. त्याला पगार, गमबूट आणि हातमोजे द्यावे लागतील. आणि त्याने काढलेला गाळ-कचरा त्याच दिवशी नेणारी गाडी लागेल. न नेमल्यास पहिल्याच मोठ्या पावसात जाळी तुंबेल, पाणी वस्तीत शिरेल आणि लोक जाळीच उखडून टाकतील. तसे करणाऱ्यांस दोष देता येणार नाही. या माणसासाठी व या गाडीसाठी किती रक्कम ठेवली आहे, हे नगरसेवकांनी अंदाजपत्रकाच्या पुढील सभेत विचारावे. जो आकडा सांगितला जाईल तो आम्ही याच पानावर छापू.